नळ ऐकू येईपर्यंत

४ फेब्रुवारी

लोळ्या,

आशीर्वाद नेहमीचेच समज, तपशीलवार लिहायला वेळ नाही. आत्याचं चक्क कागदावरचं पत्र बघून कोणी गेलं की काय असं वाटलं असेल, तर कोणी गेलेलं नाही. माझा आवाज तेवढा जायला निघालाय.

दोन महिने घसा बसला होता. मी आपली हळद, मीठ, गरम पाणी करत बसले. शेवटी घशाच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने नाकातून नळी घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या तारांवर गाठी धरल्यात. घाबरण्यासारख्या नाहीत, पण कापाव्या लागतील. काम काय करता, असं तिने विचारलं. म्हटलं, लोकांना उठवते. तिला वाटलं मी कुठल्या मोर्च्याची पुढारी आहे.

मग सगळं सांगावं लागलं. लवकरच्या पाळीला जाणाऱ्यांना मी रोज फोन करते, महिन्याचे ठरावीक पैसे घेते, आणि माणूस उठून मोरीपर्यंत गेला, नळ सोडला, पाणी पडल्याचा आवाज माझ्या कानावर आला, की मगच फोन ठेवते. तोंडी ‘उठलो’ मी ऐकून घेत नाही. ‘उठलो’ हा शब्द माणूस झोपेतच सगळ्यात स्पष्ट बोलतो, हे मी तुझ्यावरून शिकले. तू कॉलेजसाठी माझ्याकडे राहायचास तेव्हा तुला उठवता उठवताच माझा हात बसला, नंतर त्याचा धंदा झाला. डॉक्टरणीला हेही सांगितलं की एकदा दातांच्या डॉक्टरने उशाशी बादली ठेवून जगने पाणी ओतलं होतं, आणि मी त्याला फोनवरच म्हटलं होतं, जग खाली ठेव आणि पलंगावरून ऊठ. ती हसली आणि म्हणाली, ऑपरेशननंतर महिनाभर, किंवा जास्तच, एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज म्हणे ओरडण्याहून वाईट.

आता मुद्दा. मागच्या खेपेला तू माझ्या घरी दुपारी बारापर्यंत झोपून उठलास आणि जांभई देत म्हणालास, ‘आत्या, तुझा अख्खा धंदा मी एका ॲपमध्ये बसवीन.’ बसव. महिनाभर माझी माणसं उठली नाहीत तर बसवाल्याची बस सुटेल, नर्सबाईची पाळी चुकेल, आणि एकदा दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मला दुसरं काही येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

मेसेज करू नकोस. फोन हातात आला की तो वाजतो, वाजला की मी उचलते, उचलला की बोलते. ऑपरेशनच्या दिवशी फोन कपाटात टाकून किल्ली शेजारणीकडे देणार आहे. पत्रच लिही. हात झिजणार नाहीत.

आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार. आडवाच होतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.

घशाचं वाचून वाईट वाटलं, आणि नवलही, कारण तुझ्या घशाला काही होऊ शकतं हे आपल्या घरात कोणी धरूनच चाललं नव्हतं. बाबा म्हणाले, तिच्या घशाला काही झालेलं नसणार, डॉक्टरणीची नळी तपासून घ्या. पण नंतर बराच वेळ एकटेच बाल्कनीत उभे होते.

तू काळजी सोड. उठवण्याचं ॲप म्हणजे माझ्यासाठी डाव्या हातचा मळ. मी लोकांच्या बँकेची ॲपं दुरुस्त करतो, गजराचं घड्याळ ते काय. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तुझ्या आवाजात एकेक रेकॉर्डिंग कर आणि पेनड्राइव्हवर पाठव. ठरलेल्या वेळी ज्याच्या त्याच्या फोनवर तुझा आवाज वाजेल. माणूस उठला की ‘उठलो’ असं बटण दाबेल, की झालं. नळाबिळाची भानगड राहणार नाही. तू निवांत पडून राहायचं आणि पहिल्यांदाच दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचं.

फार तर दोन दिवसांचं काम आहे.

लोळ्या


१३ फेब्रुवारी

लोळ्या,

पेनड्राइव्ह सोबत आहे. रेकॉर्डिंग करताना शेजारीण दोनदा भिंत ठोकून गेली. घरात भांडण चाललंय असं वाटलं तिला.

नीट वाच आणि अदलाबदल करू नकोस. बसवाल्याला धाक लागतो, गोड बोललं की तो कूस बदलतो. नर्सबाई रात्रंदिवस दुसऱ्यांचं ओरडणं ऐकते, तिला मी ‘ऊठ गं राणी’ म्हणते, चहाचं नाव काढते आणि मग हळूच घड्याळ सांगते. रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचणारीला एकच सांगायचं, की तू नाही आलीस तर तुझ्या जागी ती दुसरी वाचेल. दातांच्या डॉक्टरला काहीही चालतं, पण त्याला फसवू द्यायचं नाही. बेकरीवाल्याला फक्त ‘जळतंय’ एवढंच म्हणायचं. भट्टी पेटलेलीसुद्धा नसते, तरी तो धावत सुटतो.

तुझ्या बटणाचं मला काही खरं वाटत नाही. बटण दाबायला माणूस उठावा लागत नाही, बोट उठलं तरी पुरतं. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आता काय सांगायचं. तू शिकलेला आहेस.

परवा ऑपरेशन. भीती वाटते. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. रेकॉर्डिंग करून झाल्यावर मी ती सगळी परत ऐकली. आपला आवाज इतका कर्कश आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण माझा होता.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

ऑपरेशन नीट पार पडल्याचं शेजारीणबाईंनी बाबांना कळवलं. बाबांनी पेढे आणले आणि त्यातले बरेचसे स्वतःच खाल्ले.

आता इकडची हकीकत. रागावू नकोस, रागावलीस तरी ओरडता येणार नाही, ही गोष्ट मला बळ देते आहे.

सगळं माझ्या फोनवर चाललं होतं. आमच्या धंद्यात हे वाक्य प्रत्येक अंत्ययात्रेच्या पुढे चालतं. घाई होती म्हणून आधी मी नुसती वेबसाइट केली. रात्री ती उघडी ठेवून झोपायचं, सकाळी ती बोलणार. पहिल्या दिवशी ती कोणाकडेच बोलली नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की कुठल्याही वेबसाइटने आपणहून आवाज करू नये असा ब्राउझरचा नियम आहे. जाहिराती अचानक किंचाळतात म्हणून केलेला. माणसाने आधी पडद्याला बोट लावायचं, मग आवाज. म्हणजे उठवणारा आवाज ऐकायला आधी उठून बोट लावायचं. हे मी वरिष्ठाला सांगितलं तर तो म्हणाला, नियम बरोबर आहे.

मग खरं ॲप बनवलं आणि साध्या फोनवाल्यांना लिंक पाठवून थेट बसवून दिलं. तिथे वेगळंच घोडं पेंड खाऊ लागलं. फोन बॅटरी वाचवतो. जे ॲप तासन्‌तास कोणी उघडत नाही, त्याला फोन झोपवतो. लोकांना उठवायला ठेवलेलं ॲप लोकांच्या आधीच झोपायचं. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे बंद करायचं बटण निराळ्या खिशात दडवलेलं असतं. बसवाल्याला ते फोनवरून शोधून द्यायला माझी अख्खी दुपार गेली. शेवटी सापडलं तेव्हा आम्ही दोघंही भावुक झालो होतो.

महागड्या फोनवाल्यांचं, म्हणजे बातम्यावाली आणि दातांचा डॉक्टर यांचं, आणखीच कठीण. त्यांच्या फोनमध्ये बाहेरचं ॲप घुसत नाही. आधी फोन-कंपनीच्या ॲपच्या दुकानात लावायला द्यावं लागतं आणि तिथला तपासनीस ते पास करतो. तपासनिसाने पहिल्यांदा नाकारलं: फोनमध्ये गजर आधीच आहे, मग यात नवीन काय. मी लिहिलं, यात आत्या आहे. मग त्याने ते लावून पाहिलं. त्याच्या वाट्याला बसवाल्याचं रेकॉर्डिंग आलं. दुसरं कारण आलं: हे ॲप वापरणाऱ्याचा अपमान करतं.

आणि तिथल्या नियमाप्रमाणे असा आवाज अर्ध्या मिनिटाच्या आत संपायला हवा. तू अर्ध्या मिनिटात खाकरून फक्त ‘अरे’पर्यंत पोचतेस.

एक चूक मात्र माझी. नर्सबाई आणि बसवाला यांची रेकॉर्डिंगं उलटसुलट लागली. बसवाल्याला ‘ऊठ गं राणी’ ऐकू आलं. तो म्हणतो, इतकं छान त्याच्याशी वर्षानुवर्षं कोणी बोललं नव्हतं, म्हणून तो ऐकत पडून राहिला. बस उशिरा सुटली. नर्सबाई धाक ऐकून पाळीच्या कितीतरी आधी इस्पितळात हजर झाली आणि म्हणते, हेच चालू ठेवा.

सुधारतोय सगळं. धीर धर.

लोळ्या


३ मार्च

लोळ्या,

दोन दिवसांचं काम कसं चाललंय?

शेजारीण रोज येते आणि तासभर बोलते. मी उत्तर देऊ शकत नाही म्हणून तिला मी फार शहाणी वाटायला लागलेय. गळ्यात पाटी अडकवून फिरतेय. भाजीवाल्याशी घासाघीस लिहून करावी लागते आणि मी लिहीपर्यंत तो दुसऱ्याला विकून मोकळा होतो.

तुझ्या तपासनिसाला माझ्यातर्फे कळव. एक, मी कोणाचा अपमान फुकट करत नाही, लोक त्याचे महिन्याला पैसे देतात. दोन, तो स्वतः कितीला उठतो? त्याच्या घरी त्याला कोण उठवतं? त्या बाईचा अर्ध्या मिनिटाच्या वर आवाज चालतो की नाही, तेवढं खरं सांगायला सांग. तीन, गजर आणि मी यात फरक दिसत नसेल तर त्याने कधी गजराला उलट उत्तर देऊन पाहावं. गजर ऐकून घेतो. मी घेत नाही.

बसवाल्याची बस उशिरा सुटली हे वाचून मात्र हसू आलं नाही. त्याला आधीच एक ताकीद मिळालेली आहे. दुसरी मिळाली तर त्याला आगारात बसवतील आणि तो माणूस बसून राहिला तर मरेल. रेकॉर्डिंगं जागच्या जागी लाव. आणि महागड्या फोनवाल्यांचं काय केलंस ते स्पष्ट लिही. बातम्यावालीची ती दुसरी टपूनच बसलेली आहे.

आत्या


१४ मार्च

आत्या,

सगळं सुरळीत चालू आहे. बसवाला उठतो. महागडे फोनवालेही उठतात. तपासनिसाची गरज उरली नाही, मी एक वेगळा मार्ग काढलाय. तांत्रिक आहे, पत्रात समजावता येणार नाही.

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. सर्व्हर जरा थकलाय, बाकी ठीक.

तू कशी आहेस? डॉक्टरीण काय म्हणते? आता बोलायची परवानगी मिळायला हवी ना?

लोळ्या


२ एप्रिल

लोळ्या,

उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण पुढे येईल. आधी तुझा समाचार घेते.

काल बातम्यावाली येऊन गेली. फुलं आणली, खुर्चीत बसली आणि तुझ्या ॲपचं कौतुक करू लागली. म्हणाली, रेकॉर्डिंग अगदी खरं वाटतं, फक्त सुरुवातीला कोणीतरी जांभई देतं, ती काढता आली तर बरं. मी पाटीवर लिहिलं, कोणाची जांभई? म्हणाली, पुरुषाची, आणि रोज वेगळी, कधी लहान, कधी लांबलचक. सोमवारी तर जांभईनंतर काहीतरी खाली पडलं आणि कोणीतरी आईचं नाव घेतलं. आणि एकदा ती स्वतः झोपेतच ‘उठले’ म्हणाली, तर माझं रेकॉर्डिंग मध्येच थांबलं आणि एक जाडा आवाज म्हणाला, ‘नळ?’

रेकॉर्डिंगमधली जांभई रोज वेगळी कशी असते रे? हा तुझा तांत्रिक मार्ग. तुझा सर्व्हर पलंगावर झोपतो आणि त्याला दाढी आहे.

मग मी शेजारणीकडून बेकरीवाल्याला विचारून आणलं, दातांच्या डॉक्टरला विचारून आणलं. सगळ्यांना जांभई ऐकू येते. बसवाल्यालासुद्धा. म्हणजे तू सगळ्यांनाच हाताने फोन करतोयस. ज्याला उठवायला मी ओल्या टॉवेलपर्यंत जात असे, तो रोज अंधारात उठून माझ्या गिऱ्हाइकांना नळ विचारतोय. मला राग यावा की काय यावं, ते कळेना. मी तासभर पाटी कोरीच धरून बसले होते.

मला सांगितलं का नाहीस, असं विचारणार होते, पण विचारायला तोंड नाही. कारण मीही सांगितलेलं नाही. बोलायची परवानगी मिळून पंधरवडा उलटला. मी दार लावून घेतलं आणि आवाज काढून पाहिला. अडकलेला खण ओढल्यावर येतो तसा आवाज आला, आणि तोही दोन शब्दांपुरता, पुढे नुसता वारा. डॉक्टरीण म्हणते, गाठी गेल्या, जखम भरली, पण पहिला आवाज येईल असं समजू नका. हळूहळू थोडा सुधारेल. दिवसाकाठी मोजकं बोला. बसवाल्यावर ओरडणं आता विसरा.

म्हणजे धंदा संपला, असं मी धरून चाललेय. ॲप बिप काही असतं तर ते चालवलं असतं. पण ॲपही नाही, नुसता तूच आहेस. आता तू हे बंद कर. लोकांना मी कळवते.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

पकडला गेलो. बरं झालं. खोटं बोलायला जागं राहावं लागतं आणि तेवढी ताकद आता उरलेली नव्हती.

खरं काय ते सांगतो. तपासनिसाने तिसऱ्यांदा नाकारलं. तुझे तिन्ही मुद्दे मी त्याला शब्दशः पाठवले होते. पहिल्याला आणि तिसऱ्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला त्याने लिहिलं, की हा प्रश्न ॲपशी संबंधित नाही. त्यावरून मला वाटतं त्याचं लग्न झालेलं आहे.

तेव्हा महागड्या फोनवाल्यांना मी स्वतः फोन करू लागलो. एका फोनवरून त्यांना लावायचा आणि दुसऱ्या फोनवर तुझं रेकॉर्डिंग वाजवून तो पहिल्याच्या तोंडाशी धरायचा. वाटलं होतं चार दिवस करू. मग साधे फोनवाले ‘उठलो’ बटण झोपेत दाबायला शिकले. बोट उठलं तरी पुरतं, हे तू आधीच लिहिलं होतंस. बसवाला तर फोन उशीखाली घालून न बघता दाबायचा. त्याला दुसरी ताकीद मिळता मिळता राहिली, तेव्हापासून मी सगळ्यांनाच फोन करतो.

बटणाऐवजी ॲपनेच नळ ऐकावा म्हणून मी फार डोकं आपटलं. पण ॲप मिटलेलं असताना माइक उघडायला फोन परवानगी देत नाही. कोणी चोरून ऐकू नये म्हणून. योग्यच आहे. हट्टाने एका साध्या फोनवर जमवलंही, तर ते नळ आणि पंखा यांत गोंधळ करायचं. पंखा फिरत असेपर्यंत सगळे उठलेले.

इकडे ऑफिसात मी बैठकीत झोपलो. नुसता झोपलो नाही, झोपेत ‘नळ?’ असं विचारलं. वरिष्ठाने आता मला समोरच्या खुर्चीवर बसवायला सुरुवात केली आहे आणि आणखी एकदा असं झालं तर काम काढून घेईन म्हणाला. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता सगळंच सांगतोय.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय, ती तू शांतपणे वाच. दुसऱ्याच आठवड्यात रेकॉर्डिंग वाजवणारा फोन बिघडला. त्या दिवशी तुझं ओरडणं नव्हतंच. मी नुसता फोन लावला, जांभई दिली आणि वाट बघत राहिलो. सगळे उठले. बसवालासुद्धा. फोन दुरुस्त झाल्यावरही मी रेकॉर्डिंग फक्त बातम्यावालीला ऐकवायचो, तिला आवडतं म्हणून. बाकीच्यांना ‘नळ?’ एवढंच.

तुझ्या ओरडण्याने कोणी उठत नव्हतं, आत्या. पलीकडे कोणीतरी कान लावून बसलंय आणि पाणी पडेपर्यंत ते जाणार नाही, म्हणून लोक उठत होते. मला तेवढंच ॲपमध्ये घालता आलं नाही. बाकी सगळं जमलं होतं.

बंद करायचं की नाही ते तू ठरव. लोकांना एवढ्यात कळवू नकोस.

लोळ्या


११ एप्रिल

लोळ्या,

माझं ओरडणं फुकट होतं हे सांगायला तुला पस्तिशी गाठावी लागली. कॉलेजात असतानाच सांगितलं असतंस तर माझा घसा वाचला असता.

पत्र वाचून मी शेजारणीकडून किल्ली आणली. फोन चार्ज केला. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी बसवाल्याला लावला. मुद्दाम त्यालाच, कारण तो सगळ्यात नाठाळ. उचलला. ‘हॅलो,’ म्हणाला. मी गप्प. ‘कोण आहे?’ मी गप्प. मला वाटलं ठेवेल आता. मग त्याच्याकडून नुसता श्वास ऐकू आला, आणि एकदम खालच्या आवाजात तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही?’ पलंग करकरला. चपला ओढत गेलेल्या ऐकू आल्या, त्याही दोन्ही. आणि मग नळ. त्याच्या नळाला वायसर नाही, तो आधी खोकतो आणि मग वाहतो. तो खोकला ऐकून मला रडू आलं. रडायला आवाज लागत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

मग एकेक करून बाकीचे. बेकरीवाल्याला मी गप्प असले तरी ‘जळतंय’ ऐकू आलं, असं तो म्हणतो. बातम्यावाली आधी जांभईची वाट पाहत होती, ती आली नाही तेव्हा उठून बसली. दातांच्या डॉक्टरने जुनी सवय म्हणून पुन्हा जग काढला. मी ठेवला नाही फोन. तो ओतत राहिला, मी ऐकत राहिले. त्याचा जग संपला, माझं काय संपणार होतं. शेवटी गेला मुकाट्याने मोरीत. नर्सबाई तेवढी रुसलीय, तिला बसवाल्याचा धाकच हवाय. तिच्यापुरतं रेकॉर्डिंग मी इथूनच वाजवीन.

बोलत होते तेव्हा एकेकापाशी किती वेळ जायचा. आता माझी सगळी माणसं पटापट उठतात, लोक घाबरतात गप्प बाईला. हे आधी कळलं असतं तर तुझ्या काकांशी संसारही जरा बरा झाला असता.

तुझं ॲप काढून टाक. वाईट वाटून घेऊ नकोस, मेहनत केलीस. डॉक्टरणीने दिवसाचे मोजके शब्द दिलेत, ते मी साठवून ठेवते. अजून एकही कोणावर खर्च करावासा वाटलेला नाही.

आता तू झोप. चांगला झोप. ऑफिसला मात्र वेळेवर जा, पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्याला ते बरं. माझ्या यादीत एक गिऱ्हाईक वाढवलंय, त्याचे पैसे घेणार नाही.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

ॲप काढून टाकलं. तपासनिसालाही कळवलं, की आमच्याकडचा अर्ज मागे घेतोय, आत्या स्वतः कामावर रुजू झाल्या आहेत. त्याने आभार मानले. चौथ्यांदा न पाठवल्याबद्दल असावेत.

गेला आठवडा मी एकदाही अंधारात उठलो नाही. उलट उजेडातही उठलो नाही. परवा ऑफिसला पुन्हा उशिरा पोचलो. वरिष्ठाने नुसतं घड्याळाकडे बघितलं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

आज सकाळी फोन वाजला. तुझा नंबर. मला वाटलं काही कमीजास्त झालं, म्हणून घाईने उचलला. पलीकडे काहीच नाही. मी विचारलं, आत्या, बरी आहेस ना? काहीच नाही. मग ट्यूब पेटली, की यादीत वाढलेलं गिऱ्हाईक मीच. मी म्हणालो, ‘उठलो.’ फार स्पष्ट म्हणालो.

तू ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता. खिडकीवर पडदा, अंगावर पांघरूण, सगळं जागच्या जागी होतं, आणि मोरी फार लांब होती. आता खरं सांगतो. उशाशी पाण्याची बाटली होती आणि रिकामं जेवणाचं ताट होतं. मी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने बाटली उघडून ताटात ओतू लागलो. बारीक धार, नळासारखी. मधूनमधून थांबवत होतो, खरं वाटावं म्हणून. मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

बराच वेळ तू काही केलं नाहीस. मला वाटलं जमलं. आणि मग तू बोललीस. तो आवाज मी ओळखला नसता. जाडा होता, खरबरीत होता, मध्येच तुटत होता. तू म्हणालीस, ‘बाटली आहे ती.’

ऑपरेशननंतर तू कोणाशी बोललेली पहिली गोष्ट. इतके दिवस साठवलेले शब्द. बाबांना सांगितलं तर ते हसत हसत परत बाल्कनीत गेले.

त्यानंतर मी मोरीपर्यंत गेलो. नळ सोडला. तू तरीही थोडा वेळ ऐकत राहिलीस, आणि मग ठेवलास.

ताटातलं पाणी अजून फेकलेलं नाही. ऑफिसला निघायला वेळ आहे, चक्क वेळ आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. नमस्कार नेहमीसारखा साष्टांग घालता येणार नाही. उभ्याने लिहितोय.

लोळ्या